माझ्या कानांचं पंचांग

भाद्रपदात मी मोठा सहिष्णू माणूस असतो. सकाळी साडेसहाला कोपऱ्यावरच्या मांडवातला स्पीकर सुरू होतो आणि मी चहाचा कप घेऊन बाल्कनीत येऊन बसतो. गाणी दर वर्षीचीच, त्यांचा क्रमसुद्धा ठरलेला. आवाज खरं तर सोसवत नाही, खिडकीच्या काचा थरथरतात. पण मी बायकोला म्हणतो, चालायचंच, वर्षातून दहा दिवस तर असतं. आरतीच्या वेळी टाळ शोधतो. विसर्जनाच्या रात्री दोन वाजता झोप मोडली तरी ‘काय उत्साह आहे पोरांचा’ असं म्हणून कूस बदलतो.

एप्रिलमध्ये माझे कान एकाएकी नाजूक होतात. १३ तारखेच्या रात्री बाराच्या ठोक्याला, आंबेडकर जयंती लागते तेव्हा, सोसायटीमागच्या वस्तीत फटाके फुटतात, निळे झेंडे हलतात, स्पीकर सुरू होतो. आणि मला माझा रक्तदाब आठवतो. झोपेचं महत्त्व आठवतं. शेजारच्या मुलीची परीक्षा आठवते; तिची परीक्षा मार्चमध्येच संपलेली असते, तरी आठवते. मी खिडकी लावतो. नुसती लावत नाही, आपटून लावतो. कुणाला ऐकू जावी म्हणून?

मी जन्माने ब्राह्मण. पुण्यात वाढलो, बँकेत नोकरी केली, जात मानत नाही असं आयुष्यभर सांगत आलो. हे आधी सांगून टाकतो, कारण ते लपवून पुढचं लिहिलं तर सगळंच लबाडीचं होईल. सांगितल्यामुळे लबाडी टळेलच असंही नाही. प्रांजळपणाची शाबासकी मिळवायची हौस मला नाही, असं छातीठोकपणे म्हणता येईल का? नाही येणार. ती हौस धरूनच हे वाचा.

एका एप्रिलमध्ये मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कायदा टाकला. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. खूप अंगठे आले, हात जोडलेली चित्रं आली, एकाने ‘कुणीतरी बोलायलाच हवं होतं’ असं लिहिलं. मला बरं वाटलं. त्याच नियमांत पुढे असंही आहे, की सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार ही वेळ रात्री बारापर्यंत वाढवू शकतं. जिल्हाधिकारी दर वर्षी त्या दिवसांची यादी काढतात. अशा यादीत गणेशोत्सवाचे काही दिवस असतात, नवरात्राचे असतात, शिवजयंती असते, आणि १४ एप्रिलही असतो. हे मला ठाऊक होतं. ते कलम तेवढं मी टाकलं नाही.

आता, १३ तारखेच्या रात्री बारानंतर वाजणारं गाणं कुठल्याच सवलतीत बसत नाही, हेही खरं. म्हणजे माझी तक्रार कायद्याने बरोबरच होती. अडचण तीच आहे. ती सपशेल खोटी असती तर सोडून देणं सोपं होतं. तक्रार खरी, कायदा खरा, रक्तदाबसुद्धा खरा, आणि तरी त्या सगळ्याच्या खाली आणखी काहीतरी होतं. ते कायद्याच्या पांघरुणात छान झाकलं जात होतं.

कसं ओळखलं? ढोलावरून. माझी पुतणी काही वर्षं ढोल-ताशा पथकात होती. नऊवारी, नथ, केशरी फेटा, कमरेला ढोल. नदीपात्रात महिनाभर आधीपासून सराव चाले आणि पलीकडच्या इमारतींतले लोक वैतागत. मी त्यांना मनातल्या मनात रसहीन म्हणत असे. पथक लक्ष्मी रस्त्यावर आलं की मी गर्दीत घुसून तिचे फोटो काढायचो. छातीत ठोके घुमायचे, कान नंतर तासभर बधिर असायचे आणि डोळ्यांत पाणी यायचं. पुण्यात विसर्जनाच्या मिरवणुकीत सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेचे विद्यार्थी दर वर्षी आवाज मोजतात. शंभर डेसिबलच्या पुढचे आकडे त्यांच्या नोंदींत नवलाचे नाहीत. डेसिबलचं गणित साधं नसतं. आकडा दहाने वाढला की आवाजाची तीव्रता दहापट होते. म्हणजे ५५ च्या जागी १०५ झाले, तर ते दुप्पट नव्हे, एक लाख पट झाले. त्यात ढोल किती आणि डीजे किती, हे यंत्राला सांगता येत नाही. मला मात्र ताबडतोब सांगता येतं. ढोल म्हणजे संस्कृती, डीजे म्हणजे गोंगाट. हा निवाडा माझ्या कानांनी दिलेला नाही, कारण कान दोन्ही वेळा सारखेच बधिर झाले होते. मग कुणी दिला?

मला वाटतं, मी गाणं ऐकतच नाही. गाणं कुणाचं आहे ते आधी बघतो, मग ऐकायचं की सहन करायचं ते ठरवतो.

याचा पुरावा माझ्याविरुद्ध इतका ठळक आहे की तो मला इतकी वर्षं दिसला नाही याचंच आश्चर्य वाटतं. भाद्रपदातल्या त्या सकाळी मांडवात पहिलं गाणं लागतं ते ‘तूच सुखकर्ता’. आवाज प्रल्हाद शिंदे यांचा. रुंद, थोडा खरखरीत, वरच्या पट्टीत गेला तरी न चिरकणारा. कॅसेटच्या काळापासून हा आवाज महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक मांडवात आहे. विठ्ठलाची त्यांची गाणीही तशीच घरोघर पोचली. त्यांच्याशिवाय आमचा गणपती बसला असं मला वाटत नाही. आणि हेच प्रल्हाद शिंदे भीमगीतं गायचे, कव्वाल्या गायचे, रात्र-रात्र वस्त्यांमध्ये गायचे. हे मला माहीत होतं का? होतं, म्हणजे सामान्यज्ञान म्हणून होतं. प्रश्नमंजूषेत विचारलं असतं तर उत्तर दिलं असतं. पण ज्या रात्री मी खिडकी आपटली त्या रात्री वस्तीतून कुणाचा आवाज येत होता, हे मी ऐकलं का? त्यांचाही असू शकेल. नसेलही. मला सांगता येत नाही, कारण माझ्या लेखी तो कुणा माणसाचा आवाजच नव्हता. तो नुसता आवाज होता.

पुढे ऐका. आमच्याकडच्या लग्नांत वरात रंगात आली की ‘कोंबडी पळाली’ लागतं, ‘जत्रा’ (२००६) मधलं. अजय-अतुल यांचं संगीत, आणि गाणारे वैशाली सामंत आणि आनंद शिंदे. आनंद हे प्रल्हाद शिंद्यांचे चिरंजीव. माझ्या भाच्याच्या लग्नात एका गाण्यावर मी इतका नाचलो की दुसऱ्या दिवशी कंबर धरली. ते ‘पोश्टर गर्ल’ (२०१६) मधलं होतं, डीजेला शपथ घालून आवाज वाढवायला सांगणारं. ते आनंद शिंदे आणि त्यांचे चिरंजीव आदर्श शिंदे यांनी गायलंय. म्हणजे आजोबांनी माझा गणपती बसवला, मुलाने आणि नातवाने माझ्या घरची लग्नं वाजवली. माझ्या आनंदाच्या प्रत्येक प्रसंगी एकाच घराण्याचा गळा. त्या घराण्यात स्वतःच्या आनंदाला काय गातात, हे मात्र मला दर वर्षी फक्त बंद खिडकीच्या काचेतून ऐकू येत आलं. आवाज वाढव असं सांगणाऱ्या गाण्यावर नाचणारा मीच, आणि आवाज कमी करा म्हणून कायदा चिकटवणाराही मीच.

(मोहम्मद रफींचंही असंच. ‘ब्लफमास्टर’ १९६३ चा, मनमोहन देसाईंचा. त्यातलं रफींनी गायलेलं दहीहंडीचं गाणं साठ वर्षं आमच्या गल्ल्यांत वाजतंय. ते गाणाऱ्याचा धर्म कुठला, असं हंडीखाली उभं राहून कुणाला विचारावंसं वाटत नाही. गळा उधार घ्यायला आपण कधीच लाजत नाही.)

मग मी एक उपाय केला. उपाय कसला, परीक्षाच, आणि तीही माझ्या सोयीची. एका दुपारी, कुठलीही जयंती नसताना, मी भीमगीतं ऐकायला बसलो. हेडफोन लावून. आवाज माझ्या हातात. वामनदादा कर्डकांची रचना ऐकली, कडूबाई खरातांना एकतारीवर ऐकलं. वामनदादा सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, १९२२ चा जन्म; २००४ साली गेले, त्याच वर्षी प्रल्हाद शिंदेही गेले. त्या वर्षी मी पेपरात काय वाचत होतो, हे आठवण्याचा प्रयत्न केला. आठवलं नाही.

ऐकताना पहिल्यांदा मी काय केलं असेल? चुका शोधल्या. चाल अमुक हिंदी गाण्यावरची आहे, तमुक ओळीत यमक ओढून आणलंय. गणपतीच्या गाण्यांतली यमकं मी कधी तपासली होती? तिथे तर सिनेमाच्या चालींवर आरत्या वाजतात आणि मी टाळ धरतो. ही जाणीव झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. ती बरोबर असेलच असं नाही, अभ्यासकांनी तपासावी. माझ्या घरातली आनंदाची गाणी बहुतेक मागणारी असतात. विघ्न दूर कर, सांभाळ, पाव, दर्शन दे. उत्सव आमचा, आणि त्याच्या पोटात एक याचना. भीमगीतांत मागणं फार कमी. तिथे मिळाल्याची मोजदाद असते. अंगावरचे कपडे, हातातली लेखणी, पोटभर अन्न, पोराची नोकरी, पक्कं घर, ताठ मान. आणि हे सगळं कुणामुळे, त्या माणसाचं नाव. देव नव्हे, माणूस. त्याचा जन्म झाला म्हणून हे झालं, म्हणून त्या जन्माचा आनंद. त्यात पाळणे आहेत. चैत्रात रामाचा पाळणा आमच्याकडे भर दुपारी बाराला हलतो, सुंठवडा वाटतात. त्याच दिवसांच्या आसपास त्यांच्याकडे रात्री बाराला हलतो. एकाच महिन्यात दोन जन्मोत्सव, दोन्हींकडे बाराचा ठोका. एका ठोक्याला मी हात जोडतो. दुसऱ्याला मी घड्याळ बघतो.

ही गाणी ऐकताना मला अवघडल्यासारखं होत होतं, आणि का होतंय ते कळायला वेळ लागला. त्या मोजदादीत जे जे मिळालं म्हणून लिहिलंय, ते माझ्याकडे पहिल्यापासून होतं. पाणी होतं. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी २० मार्च १९२७ ला प्यायलं गेलं. आणि १४ एप्रिलची सार्वजनिक जयंती पुण्यात पहिल्यांदा साजरी झाली ती १९२८ साली, जनार्दन सदाशिव रणपिसे यांच्या पुढाकाराने. म्हणजे पाण्यानंतर तेरा महिन्यांच्या आत जयंती. ज्यांना पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला त्यांनी पुढच्याच वर्षी उत्सव केला. एरवी मी सांगतो, की आमच्या पुण्याने देशाला सार्वजनिक उत्सव दिला. माझ्या वाक्यात तेव्हा फक्त गणपती असतो. ही दुसरी जयंतीही याच गावातली, हे मी किती जणांना सांगितलं? एकालाही नाही.

माझे आजोबा गणेशोत्सवाच्या मेळ्यात गायचे. घरात ही अभिमानाची गोष्ट होती. मेळ्यातली पदं, त्यातलं शब्दांचं तेज, टिळकांच्या काळापासूनची परंपरा असं आम्ही ऐकत वाढलो. मेळा म्हणजे संस्कार. पुढे वाचताना कळलं, की मेळ्यांची पदं काही नुसती भक्तीची नव्हती. १८९३ च्या मुंबईतल्या दंगलीनंतर पुण्यातल्या काही मेळ्यांनी लोकांना मोहरमच्या ताबुतांत जाऊ नका असं गाऊन सांगितलं. त्याआधी हिंदू तिथे हौसेने जात, नाचत. म्हणजे उत्सवाचं गाणं तेव्हाही कुणाला तरी आत घेत होतं आणि कुणाला तरी बाहेर काढत होतं. पुढे १९२० च्या दशकात ब्राह्मणेतर चळवळीतल्या केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर यांच्या मंडळींनी छत्रपती मेळा काढला आणि पेठांतल्या लोकांना त्यांच्याच गणपतीत, त्यांच्याच रस्त्यावर, झोंबणारी पदं ऐकवली. आजोबांनी तो मेळा पाहिला होता. त्याचा विषय निघाला की ते ‘तो धिंगाणा’ म्हणायचे. आपला तो मेळा आणि दुसऱ्याचा तो धिंगाणा. माझे कान मला त्यांच्याकडून मिळालेत, नाक मिळालं तसेच. हे म्हटलं की थोडं हलकं वाटतं. पण लगेच शंका येते: आजोबांवर ढकलून मी सुटतोय का? नाक बदलता येत नाही. ऐकणं येतं ना?

‘झिंगाट’ची गोष्ट सांगायलाच हवी. नागराज मंजुळेंचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला आला आणि त्या वर्षापासून एकही लग्न, एकही वरात, एकही विसर्जन त्या गाण्याशिवाय झालेलं मला आठवत नाही. थिएटरात लोक पडद्यासमोर जाऊन नाचले. मीही भाच्याच्या वरातीत नाचलो. त्याच संध्याकाळी जेवणाच्या पंगतीत एका नातेवाइकाने विचारलं, मुलगी कुठली? मी अगदी सहज म्हणालो, आपल्यातलीच आहे. आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते माझ्याही चेहऱ्यावर होतं. मला ते आतून जाणवलं. घामाने भिजलेला सदरा अजून सुकला नव्हता. ज्या सिनेमातलं गाणं नाचून आलो होतो, तो सिनेमा नेमक्या याच प्रश्नाच्या उत्तरापायी दोन माणसं मरण्याचा आहे. शेवटच्या दृश्यात मंजुळेंनी संगीत पूर्ण काढून घेतलंय. थिएटरात मी पाहिलंय, झिंगाटला नाचलेले लोक त्या शांततेत खुर्चीत खिळून बसले होते, मीही त्यांच्यात होतो. बाहेर आल्यावर आम्ही ‘जबरदस्त’ म्हणालो. पण वरातीत आपण झिंगाट तेवढं उचललं. शेवट तिथेच ठेवून आलो. गाण्याचं असंच असतं का, की त्याला त्याच्या गोष्टीपासून तोडल्याशिवाय नाचताच येत नाही? कदाचित तसंच असेल, आणि त्यात दरवेळी काही वाईट असेलच असं नाही. सगळ्या वराती विचार करत चालायला लागल्या तर नवरामुलगा मांडवात पोचणार नाही. पण मग भीमगीत ऐकतानाच मला त्याचा अर्थ, हेतू, राजकारण, व्याकरण एवढं सगळं का सुचतं?

यापुढचं लिहायला मला जड जातंय. २०१५ च्या मे महिन्यात नर्सिंग शिकणारा एक दलित तरुण शिर्डीत मारला गेला. मोबाइलवर बाबासाहेबांवरच्या गाण्याची रिंगटोन वाजली, त्यावरून भांडण झालं, असं तेव्हा छापून आलं. १ जून २०२३ ला नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत आणखी एक तरुण मारला गेला. गावात लग्नाची वरात चालू होती. त्याने गावात आंबेडकर जयंती साजरी करण्यात पुढाकार घेतला, त्याचा राग काढला, असं त्याच्या घरच्यांचं म्हणणं. दोन्ही बातम्या मी त्या-त्या दिवशी वाचल्या. हळहळलो. ‘खेड्यांत अजून कठीण आहे’ असं बायकोला म्हणालो आणि पान उलटलं.

माझी खिडकी आणि ते हल्ले यांना एका मापात तोलणं नाटकी होईल. तसं मी करणार नाही. असल्या आत्मताडनातही एक सुख असतं, ते मला घ्यायचं नाही. खिडकी लावल्याने कुणी मरत नाही. पण एवढं विचारतो: दोन्हींच्या आरंभी एकच वाक्य आहे का? यांचं गाणं इथे कशाला? ते वाक्य गावात ओरडून म्हटलं जातं. माझ्या सोसायटीत ते डेसिबलमध्ये म्हटलं जातं. आणि डेसिबलमध्ये म्हणायची सोय असल्यामुळे मला ते ऐकू येत नाही.

माझी गडबड अशी, की एवढं सगळं उमगल्यावरही मी साक्षीदार शोधायला निघालो. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाई त्याच वस्तीत राहतात. एका सकाळी मी त्यांना विचारलं, ‘जयंतीच्या रात्री तुम्हाला त्रास होत नाही का हो आवाजाचा?’ मला काय हवं होतं ते उघड आहे. त्यांनी ‘होतो’ म्हटलं असतं की मी ग्रुपवर लिहिलं असतं, ‘वस्तीतल्या लोकांनासुद्धा नको आहे.’ त्या पोळी लाटत होत्या. म्हणाल्या, ‘होतो ना काका. आमच्या भिंती पत्र्याच्या. सासूबाई दचकून उठतात.’ मी खूश. मग त्या म्हणाल्या, ‘गणपतीतपण होतो. तेव्हा कधी विचारलं नाही तुम्ही.’ आणि भाजीला मीठ किती घालू ते विचारलं.

एवढं मात्र या बोलण्यातून मला मिळालं, आणि ते मी सोडणार नाही: आवाजाचा त्रास खरा आहे, आणि तो माझ्यापेक्षा त्यांना जास्त आहे. भीमगीतांबद्दलची माझी नवी गोडी वापरून डीजेच्या भिंतींचं समर्थन करायला गेलो, तर तो पुन्हा माझ्याच चांगुलपणाचा सोहळा होईल. पत्र्याच्या घरात तान्ही मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत, सकाळी पाचला कामावर निघणारे आहेत. गाण्याने माणूस मोठा होतो, पण बेसने बहिराही होतो. नियम हवेत आणि ते पाळले जायला हवेत. प्रश्न कुठून सुरुवात करायची, हा आहे. नियम नेहमी पलीकडच्या गल्लीत आधी का लागू होतो?

यंदा श्रावणात आमच्या मंडळाची बैठक झाली. मी मंडळाचा जुना वर्गणीदार, बँकेतला म्हणून हिशेबही बघतो. मी उठून म्हणालो, की स्पीकर दहाला बंद व्हावा, सवलतीच्या दिवशी बाराला. मांडवातल्या आवाजाला मर्यादा ठरवावी, आणि विसर्जनाला पथक असो की डीजे, दोघांनाही तीच मर्यादा असावी. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एक चिरंजीव, ज्याला मी चड्डीत असल्यापासून ओळखतो, हसून म्हणाला, ‘काका, वर्षातून दहा दिवस तर असतं.’ सगळे हसले. मीही हसलो, आणि हसलो याची लाज वाटली. एकजण हळूच म्हणाला, ‘ते मागचे लोक जयंतीला बंद करणार आहेत का? मग आपणच का?’ हा प्रश्न इतकी वर्षं माझाच होता, म्हणून मला त्याचं उत्तर पटकन देता आलं नाही. शेवटी एवढंच म्हणालो, ‘त्यांनी करो न करो. आपला मांडव आपल्या हातात आहे, त्यांचा नाही.’ ठरावाला अनुमोदक मिळाला नाही. विषय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला, आणि चहा आला.

तेव्हा सध्याची स्थिती अशी आहे. माझ्याच मंडळात ज्या नियमाला अनुमोदक मिळाला नाही, तो मागच्या वस्तीला सांगण्याचा अधिकार माझ्याकडे नाही, आणि येत्या १४ एप्रिलला मी तो सांगणारही नाही. ग्रुपवर मी सवलतीचं कलम उशिरा का होईना टाकलं. त्याला एकही अंगठा आला नाही. पुढच्या बैठकीत ठराव पुन्हा मांडणार आहे. तुम्ही एखाद्या मंडळात असाल, वर्गणी देत असाल, हिशेब बघत असाल, तर तुमच्याकडेही मांडा. पडला तरी मांडा.